ट्रॅव्हल ट्रेलर : सज्जता आणि देखभाल

मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याचे, स्वतःचे इंजिन नसलेले चाकांवरचे घर. आत झोपायची जागा, शेगडी, फ्रिज, पाण्याच्या टाक्या आणि बहुधा संडास-बाथरूम असते. मुक्कामावर ट्रेलर सोडून ठेवायचा आणि मोटार घेऊन भटकायला मोकळे व्हायचे, ही याची खरी सोय. मोटरहोममध्ये, म्हणजे इंजिन असलेल्या चाकांवरच्या घरात, ती नसते. दूध आणायचे तरी अख्खे घर हलवावे लागते. अमेरिका-कॅनडात याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन. या नोंदीतले आकडे प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतल्या ट्रेलरांचे आहेत.

हौशी प्रवासासाठी असे घर बांधून घेण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरांनी 1885 मध्ये ब्रिस्टल वॅगन वर्क्सकडून ‘द वाँडरर’ नावाची घोडागाडी करवून घेतली. 1907 मध्ये तिथे कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला. अमेरिकेत वॉली बायम यांनी 1931 मध्ये एअरस्ट्रीम कंपनी सुरू केली. तिचे चकचकीत अॅल्युमिनियमचे ट्रेलर आजही रस्त्यावर दिसतात. सध्या अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात तयार होतात. लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, तिच्यावर पातळ पत्रा किंवा फायबरग्लास आणि वर रबरी छप्पर अशी हलकी बांधणी असते. ट्रेलरची निम्मी दुखणी या हलकेपणातूनच येतात.

वजनाचा हिशेब

सामान घेण्याआधी कारखान्याने दारापाशी लावलेली पट्टी वाचावी. समजा, ट्रेलरचे एकूण वजन 2,300 किलोपेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही आणि रिकामा ट्रेलर 1,850 किलोचा आहे. हातात उरले 450 किलो. पिण्या-वापरण्याच्या पाण्याची 150 लिटरची टाकी भरून निघालात तर त्यातले 150 तिथेच संपले. गॅसचे दोन लहान सिलिंडर भरलेले असताना मिळून सुमारे 34 किलो होतात आणि शिशाची बॅटरी 25 किलोच्या आसपास असते. भांडी, अंथरुणे, खुर्च्या, मुलांच्या सायकली आणि ‘असू दे, लागलं तर’ म्हणून टाकलेले सगळे उरलेल्या 240 किलोंत बसवायचे. म्हणून मुक्कामी नळ असेल तर टाकी भरून निघू नये. महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो. प्रवासाच्या पूर्ण तयारीनिशी तिथे एकदा तरी वजन करून घ्यावे.

वजन किती यापेक्षाही ते कुठे आहे हे महत्त्वाचे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार पुढच्या जोडावर यावा असा अमेरिकी संकेत आहे. मागे जड सामान भरले की हा भार घटतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे डोलू लागतो. अशा वेळी मोटारीचा ब्रेक करकचून दाबणे घातक ठरते. पाय अॅक्सिलेटरवरून काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने चालवायची सोय असेल तर फक्त तेच हलके लावावेत. भार वाटणारा हिच (मोटारीमागचा जोड) आणि डोल रोखणारी जोडणी उपयोगाची आहे, पण चुकीच्या भरणीवर तो उतारा नाही.

जोडताना मोटारीमागच्या गोळ्याचा म्हणजे बॉलचा आकार त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या खोबणीशी म्हणजे कपलरशी तंतोतंत जुळला पाहिजे. दोन इंच आणि सव्वादोन इंचांहून किंचित मोठा (दोन पूर्णांक पाच-सोळांश इंच) हे दोन आकार सर्रास आढळतात, आणि मोठ्या कपलरमध्ये लहान बॉल वरवर पाहता ‘बसतो’ही. रस्त्यात तो निसटला तर पुढचे सांगायला नको. सुरक्षेच्या दोन्ही साखळ्या जोडाखालून फुलीसारख्या ओलांडून लावतात. जोड सुटलाच तर ट्रेलरचे नाक त्या झोळीत अडकते. यांखेरीज एक बारीक तार मोटारीला स्वतंत्रपणे अडकवायची असते. ट्रेलर सुटून ही तार ओढली गेली की एक पिन निघते आणि ट्रेलरच्या स्वतःच्या बॅटरीवर त्याचे विजेचे ब्रेक आवळले जातात. ही बॅटरी उतरलेली असेल तर तार असून नसल्यासारखी.

टायर आणि बेअरिंग

ट्रेलरचे टायर झिजून बाद होत नाहीत, म्हातारे होऊन होतात. वर्षातून चार-सहा सहली, बाकीचे दिवस उन्हात एका जागी उभे. नक्षी नवीकोरी दिसते आणि आतून रबर कुजते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या खुणेतले शेवटचे चार अंक पाहावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर टायर बदलावेत, नक्षी कितीही चांगली असो. जर्मनीत ट्रेलरसह ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटर वेगाची परवानगी हवी असेल, तर ट्रेलरचे टायर सहा वर्षांच्या आतले असावे लागतात. ट्रेलरसाठीच्या अनेक टायरांची मर्यादा ताशी 65 मैल म्हणजे सुमारे 105 किलोमीटर असते, आणि कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कायद्यानेच 55 मैलांची मर्यादा आहे. हवा टायर थंड असताना, निघण्यापूर्वी तपासावी.

चाक काढून बसवले असेल तर पहिल्या 10, 25 आणि 50 मैलांनंतर नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळतात. बेअरिंगला वर्षातून एकदा किंवा साधारण 12,000 मैलांनी ग्रीस हवे. वाटेत थांबल्यावर चाकाच्या मध्याजवळ हात नेऊन पाहायची सवय चांगली. चारांपैकी एकच चाक बाकीच्यांहून तापलेले असेल तर तिथे बेअरिंग कोरडे पडले आहे किंवा ब्रेक धरून बसला आहे.

ओल

ट्रेलर मोडतो तो अपघाताने कमी आणि छपरातून मुरणाऱ्या पाण्याने जास्त. छपरावरचे झरोके, अँटेना, वातानुकूलन यंत्र आणि कडेच्या पट्ट्या यांभोवती फटी बुजवणारे सीलंट लावलेले असते. ऊन, थंडी आणि हादरे यांनी त्याला केसाएवढी भेग पडते. त्यातून दर पावसात चमचाभर पाणी आत जाते आणि प्लायवूड वर्ष-दोन वर्षे गुपचूप कुजत राहते. आत डाग दिसतो तोवर दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरवर गेलेला असतो.

म्हणून दर तीन महिन्यांनी, निदान वसंतात आणि शरदात, छप्पर पाहावे. आधी धुऊन कोरडे करावे. मग प्रत्येक जोडाशी सीलंट नखाने दाबून पाहावा. सुटलेला, तडकलेला किंवा कडेने उचललेला असेल तेवढाच काढून नवा भरावा. छपराच्या सपाट भागावर आपोआप पसरणारा सीलंट चालतो, उभ्या कडांना न ओघळणारा लागतो. घरगुती सिलिकॉन वापरू नये. त्याच्यावर पुढे काही चिकटत नाही आणि ते खरवडून काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. आतून तपासताना कोपऱ्यातल्या आणि खिडकीखालच्या भिंती अंगठ्याने दाबाव्यात. भिंत मऊ लागली तर पाणी शिरलेले आहे. फायबरग्लासच्या बाहेरच्या अंगावर रात्री टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा मारला की एरवी न दिसणारे फुगवटे उठून दिसतात. जुना ट्रेलर विकत घेताना एवढे करायला विक्रेता कां-कू करत असेल तर तिथून निघावे हे बरे.

पाणी, मैलापाणी, थंडी

ट्रेलरखाली तीन टाक्या असतात: स्वच्छ पाणी, सांडपाणी आणि संडास. हंगामाच्या सुरुवातीला स्वच्छ पाण्याची टाकी व नळ निर्जंतुक करतात. दर 57 लिटरला साधे, वास न घातलेले ब्लीच सुमारे 60 मिलिलिटर, तेही आधी पाण्यात कालवून ओतायचे. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडायचे, रात्रभर तसेच ठेवायचे आणि वास जाईपर्यंत धुऊन काढायचे. कॅम्पग्राउंडच्या नळाला दाब कमी करणारा रेग्युलेटर आधी लावावा आणि मग नळी. काही ठिकाणी दाब इतका असतो की ट्रेलरचे सांधे सुटतात. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, मैला सोडल्यावर धुण्याची वेगळी. यात तडजोड नाही.

संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मैलापाण्याचा पाइप जोडलेला असला तरी बंदच ठेवावा. उघडा ठेवला की पाणी वाहून जाते आणि घट्ट मैल्याचा ढीग खाली साचून वाळतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडावी, मग सांडपाण्याची सोडावी म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. पाणी सढळ हाताने वापरणे हेच सर्वांत स्वस्त औषध.

मिनेसोटा किंवा ऑन्टॅरिओसारख्या गोठवणाऱ्या थंडीच्या प्रदेशात हिवाळ्यापूर्वी नळ रिकामे करून त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरतात. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचे असावे. मोटारीच्या रेडिएटरमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी असते. व्हॉल्व्ह फिरवून गरम पाण्याची टाकी आधी नळांच्या मार्गातून वगळली नाही तर तिच्यातच सगळे अँटिफ्रीझ खर्ची पडते. बाहेरचा शॉवर हमखास विसरला जातो आणि वसंतात नेमका तोच फुटलेला सापडतो. पोलादी टाकीच्या गीझरमध्ये गंज स्वतःवर घेणारी एक धातूची कांडी असते, ती दरवर्षी पाहून बदलावी. टाकी रिकामी असताना गीझरचे विजेचे बटण दाबले तर एलिमेंट तत्काळ जळते.

वीज आणि गॅस

तीस अँपिअरच्या जोडणीवर 120 व्होल्टने 3,600 वॅट मिळतात. वातानुकूलन यंत्र साधारण 1,500 वॅट खाते, विजेची किटली आणखी तितकेच. त्यात मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडलाच. कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबावर व्होल्टेज घसरणे किंवा तारा उलट जोडलेल्या असणे नवीन नाही. त्यासाठी संरक्षक उपकरण आधी खांबाला लावून मगच ट्रेलर जोडावा.

खांब नसेल तेव्हा सगळा भार बॅटरीवर. शिशाच्या 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत, त्याखाली गेले की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. गॅसवर चालणाऱ्या हीटरचा पंखाच सात-आठ अँपिअर घेतो. थंडीच्या दहा तासांत तो निम्मा वेळ जरी चालला तरी वापरण्याजोग्या 50 पैकी जवळजवळ 40 संपतात. लिथियम बॅटरी महाग पण हलकी, आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. मात्र शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये.

गॅसवर चालणारा शोषण-पद्धतीचा फ्रिज प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडिश अभियंत्यांनी 1922 मध्ये शोधला. त्यात पंप नसतो, अमोनियाचे द्रावण उताराने फिरते. त्यामुळे ट्रेलर कलता ठेवून हा फ्रिज तासन्‌तास चालवला तर त्याच्या नळ्या कायमच्या तुंबतात. चाकांखाली फळ्या देऊन ट्रेलर सपाट करावा. कोपऱ्यातले जॅक घर डुगडुगू नये म्हणून असतात, वजन उचलायला नव्हे. अलीकडच्या बऱ्याच ट्रेलरांत कॉम्प्रेसरचा फ्रिज येतो. तिथे ही अडचण नाही, पण बॅटरी जास्त लागते.

प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गॅसचा अलार्म जमिनीलगत असतो आणि तो पाच ते सात वर्षांनी बाद होतो. धुराचा अलार्म छताला असतो. आपल्याकडची मिरचीची फोडणी या इवल्याशा खोलीत पडली की तो बोंब मारणारच, आणि मग त्याची बॅटरी काढून ठेवली जाते. तसे करू नये. फोडणी बाहेरच्या शेगडीवर द्यावी. आतल्या गाद्यांना महिनाभर हिंगाचा वास राहत नाही हा वरचा फायदा. शेगडी ऊब मिळावी म्हणून कधीही पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडने झोपेत माणसे दगावतात. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या अस्वलांच्या मुलखात स्वयंपाक झाल्यावर भांडी आणि खरकटे ट्रेलरमध्ये आणून ठेवणे सक्तीचे आहे. तिथल्या फिशिंग ब्रिजच्या तळावर तर कापडी तंबूच काय, कापडी भिंतींच्या ट्रेलरलाही प्रवेश नाही.

दमट हवेत

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. रस्त्यावर दिसतात त्या मात्र मुख्यतः इंजिन असलेल्या कॅराव्हॅन. ओढायचे ट्रेलर विरळा. कोकण-गोव्याच्या हवेत गोठण्याची भीती नाही, बुरशीची आहे. सीलंटची तपासणी मे महिन्यातच उरकावी. ट्रेलर एका अंगाला किंचित कलता उभा करावा म्हणजे छपरावर पाणी साचत नाही. फ्रिज तेव्हा बंदच असतो. गाद्या भिंतीपासून सुट्या करून उभ्या ठेवाव्यात, कपाटांची दारे उघडी राहू द्यावीत, उंदीर शिरतील अशी खालची भोके तारेच्या चोथ्याने बुजवावीत. वरून ताडपत्री घट्ट आवळून बांधू नये. पाऊस बाहेर राहतो, पण आतली ओल कोंडून प्लायवूड खालून सडते. हवा खेळू देणारे आच्छादन किंवा चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड बरी.