सतरा उद्दिष्टं, एक विहीर

शेतीपंपाला दिवसा वीज मिळावी, ही महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची जुनी आणि रास्त मागणी आहे. रात्रीची लाईट म्हणजे बॅटरी हातात धरून अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जायचं आणि पावलागणिक साप-विंचवाची धास्ती बाळगायची. सौर पंप आला की हे संपतं. डिझेलचा खर्च वाचतो, धूरही थांबतो. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या यादीत पाहिलं, तर एका पंपाने सातवं उद्दिष्ट (स्वच्छ, परवडणारी ऊर्जा) पुढे सरकतं, तेरावं (हवामान) सरकतं आणि पीक हाती आलं तर दुसरंही (भूकमुक्ती). प्रश्न सहाव्याचा आहे, म्हणजे पाण्याचा.

सप्टेंबर 2015 मध्ये 193 देशांनी ही 17 उद्दिष्टं आणि त्यांखालची 169 लक्ष्यं स्वीकारली. मुदत 2030 ची. भारतात समन्वयाचं काम नीती आयोगाकडे आलं. कोणतं उद्दिष्ट कोणत्या मंत्रालयाचं, त्यात कोणत्या योजना बसतात, याचा तक्ता तयार झाला. जबाबदारी ठरवण्यासाठी असा तक्ता लागतोच. पण त्यात ऊर्जेची योजना ऊर्जेच्या रकान्यात बसते आणि पाण्याची पाण्याच्या. एका रकान्यातल्या यशाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो, हे त्यातून दिसत नाही. राष्ट्रीय नियोजनात ही उद्दिष्टं खऱ्या अर्थाने मुरवायची, तर अवघड काम इथे आहे.

महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भूभाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी मावतं ते फटींत, झिजलेल्या थरांत आणि मुरमात. भूजलाचा हिशोब करताना झिजलेल्या बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता साधारण 2 टक्के धरतात. गंगेच्या खोऱ्यासारख्या वाळूमिश्रित गाळात ती 16 टक्क्यांपर्यंत जाते. याचा अर्थ असा: एक हेक्टर जमिनीखालची पाण्याची पातळी एक मीटरने उतरली, तर गाळाच्या प्रदेशात 16 लाख लिटर पाणी हाती आलेलं असतं आणि आपल्या कातळात फक्त 2 लाख लिटर. पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला पाच लिटर पाणी देतो असं धरलं, तर सहा तासांत लाखाच्या वर लिटर उपसले जातात. आजूबाजूने पाझरणारं पाणी क्षणभर बाजूला ठेवलं, तर ते एक मीटर पाणी दोन दिवसही पुरत नाही.

डिझेलवर चालणारा पंप माणूस आपोआप बंद करतो, कारण प्रत्येक तासाला खिशातून पैसे जातात. सौर पंप एकदा बसला की जास्तीच्या तासाला काही पडत नाही. यात शेतकऱ्याचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं. समोर फुकट पाणी आणि मागे कर्ज असताना कोणीही तेच करेल.

अशा ओढाताणीचं मोजमाप करायची रीत शास्त्रज्ञांनी दिली आहे. मॉन्स निल्सन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये सात पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. उणे 3 म्हणजे एक उद्दिष्ट गाठताना दुसरं अशक्य होणं, शून्य म्हणजे एकमेकांशी देणंघेणं नसणं, अधिक 3 म्हणजे दोन्ही एकमेकांपासून वेगळी न करता येणं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी की हा आकडा जागेनुसार ठरतो. पाणी वरपर्यंत आलेल्या भागात सौर पंपाचा पाण्याशी असलेला संबंध निरुपद्रवी असेल. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा जास्त असलेल्या तालुक्यात तोच पंप उणे बाजूला जातो. त्यामुळे दिल्लीत बसून एकच उत्तर काढता येत नाही.

मोजमापाची पद्धतही काही गोष्टी झाकते. या उद्दिष्टांवरची राज्यांची प्रगती मोजणाऱ्या नीती आयोगाच्या निर्देशांकात उद्दिष्टांच्या गुणांची साधी सरासरी काढतात आणि 100 पैकी 65 पासून पुढचं राज्य आघाडीवर समजतात. समजा, दोनच उद्दिष्टं आहेत: ऊर्जेत 90, पाण्यात 40. सरासरी 65, राज्य आघाडीवर! गुणाकार करून वर्गमूळ काढलं, तर 60 येतात आणि पाण्याची तूट लपत नाही. मानव विकास निर्देशांकाने 2010 मध्ये नेमका असा बदल केला. तो इथेही व्हायला हवा.

सौर पंपांसाठी अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पंतप्रधान कुसुम योजनेत पाणी उपसून संपण्याच्या या धोक्याची दखल आहे. अतिउपशाच्या क्षेत्रात नवा सौर पंप देत नाहीत. तिथे चालू डिझेल पंप बदलायला तो मिळतो आणि सोबत सूक्ष्म सिंचन लागतं. नियम चांगला आहे, पण वर्गवारी तालुक्याची असते आणि कातळातलं पाणी शिवारागणिक बदलतं.

गुजरातने वेगळी वाट धरली. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात 2016 च्या सुमारास सौर पंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. पुढे 2018 मध्ये राज्याने सूर्यशक्ती किसान योजना आणली. इथे वाचलेल्या विजेला दाम मिळतो, त्यामुळे पंप बंद ठेवण्यालाही किंमत येते. शेजाऱ्याला पाणी विकून त्याहून जास्त सुटत असेल, तर मात्र पंप चालूच राहणार. म्हणजे वीज खरेदीचा दर ठरवताना पाण्याचा भाव समोर हवा. ऊर्जा खातं आणि जलखातं एका टेबलाशी बसल्याशिवाय हे होत नाही.

गावाच्या पातळीवर हे टेबल आपल्याकडे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात, पोपटराव पवारांच्या पुढाकाराने, पडलेला पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं आणि जनावरं, मग शेती, आणि त्यावरून रब्बीला काय व किती पेरायचं ते ठरतं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, हा गावाचा निर्णय.

आज देशभरच्या ग्रामपंचायतींसाठी 17 उद्दिष्टांची नऊ विषयांत मांडणी झाली आहे. त्यात ‘जलसमृद्ध गाव’ हा एक विषय आहे आणि ग्रामपंचायत विकास आराखडा त्यांवर बेतायचा असतो. सौर पंपाचे अर्ज मात्र वैयक्तिक लाभाच्या योजनेतून वेगळे जातात. ते अर्ज आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद एकाच ग्रामसभेत, एकाच दिवशी समोर ठेवले, तर या शिवारात अजून किती पंप झेपतील, हे मंजुरीआधीच कळेल. त्यासाठी लागतं गावात एक पर्जन्यमापक, चार-पाच विहिरींची ऑक्टोबर आणि मे मधली पातळी, आणि ती दरवर्षी न चुकता लिहिणारं माणूस.