ब्लॉगला मार्क द्यायची पद्धत आली कुठनं?

मागच्या महिन्यात आपल्या सोलापुरातल्या एका कॉलेजच्या पोरांनी ब्लॉग स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं आणि व्हॉट्सॲपवर मार्कांचा तक्ता पाठवला, डिझाइन ५०, कंटेंट ५०. मी विचारलं हे पन्नास-पन्नास कोणी ठरवलं, तर पोरगं म्हणालं, "असंच असतंय की ओ सर." असंच असतंय हे खरंय, पण ते असं कधीपासनं झालं याला बराच मोठा मागचा भाग आहे आणि त्यातला थोडाफार मी नव्या पेठेतल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बघितलेला आहे.

मार्क द्यायची खोड ब्लॉगच्याही आधीची. १९९४ला ग्लेन डेव्हिसनं 'कूल साइट ऑफ द डे' सुरू केलं, रोज एक साइट निवडायची, बास. मग पॉइंट कम्युनिकेशन्सवाल्यांनी 'वेबमधल्या टॉप ५ टक्के' असा बिल्लाच काढला, तो मिळाला की लोक आपल्या पानावर मिरवायचे. मॅगेलन नावाची डिरेक्टरी होती ती साइटींना चारपैकी तारे द्यायची. तेव्हा गूगल नव्हतं, धड शोधताच यायचं नाही, त्यामुळं कोणीतरी माणसानं आधी जाऊन बघून 'जा, बरं आहे' असं सांगणं ही गरजच होती. १९९७ला वेबसाइटींना द्यायच्या वेबी अवॉर्डचा पहिला सोहळा झाला. वेबीचे निकष बघा, मजकूर, रचना आणि नॅव्हिगेशन, व्हिज्युअल डिझाइन, चालतंय का नीट, वाचणाऱ्याला काही करता येतंय का, आणि एकूण अनुभव. आजच्या बहुतेक तक्त्यांत हेच सहा कॉलम कमीजास्त करून फिरत असतात.

'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्गरनं डिसेंबर १९९७ मध्ये वापरला, १९९९ला पीटर मेरहोल्झनं गंमत म्हणून तो 'वी ब्लॉग' असा फोडला आणि त्यातनं नुसतं 'ब्लॉग' उरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज कंपनीचं ब्लॉगर आलं, कोड न लिहिता ब्लॉग काढायची सोय. त्याच्या आधी स्वतःचं पान म्हणजे जिओसिटीजवर जागा घ्यायची आणि एचटीएमएल हातानं लिहायचं, एक टॅग बंद करायचा राहिला की खालचं अख्खं पान ठळक अक्षरात. म्हणजे पान नीट दिसणं हीच मुळात कारागिरी होती आणि तिला निम्मे मार्क मिळाले तर त्यात गैर काही नव्हतं. २००१ला निकोलाय नोलननं ब्लॉगांसाठी 'ब्लॉगीज' पुरस्कार सुरू केले, त्यात उत्तम डिझाइनचा वेगळा गट होता. आणि त्याच सुमारास हौशी परीक्षणवाल्यांचं पीक आलं. आपला पत्ता द्यायचा, रांगेत थांबायचं, मग कोणीतरी अनोळखी माणूस येऊन डिझाइनला दहापैकी, लिखाणाला दहापैकी असं देऊन चारचौघात पंचनामा करायचा. बदल्यात त्यांचं ८८ बाय ३१ पिक्सलचं बटण आपल्या साइडबारला लावायचं. शिव्या खाऊनपण लोक बटण लावायचे हं, कारण तेवढीच जाहिरात.

आता माझं मत सांगतो. त्यात डिझाइनला एवढं वजन आलं त्याचं दुसरं कारण वेळ. डिझाइन दोन मिनिटात दिसतं, लिखाण वाचायला दोन तास लागतात, आणि फुकटात परीक्षण करणाऱ्याकडं रांगेत अजून तीस ब्लॉग असायचे, मग तो वरच्या चार-पाच पोस्टी चाळून 'कंटेंट बरं आहे' म्हणायचा आणि फाँटवर मात्र तीन परिच्छेद लिहायचा.

आपल्याकडं हे अगदी नवीन होतं असंही नाही. १९०९ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासनं आपण अंक हातात घेतला की आधी मुखपृष्ठ, मग मांडणी, मग मजकूर या क्रमानंच बोलत आलोय. कॉलेजात हस्तलिखित निघायचं त्यालाही सुंदर अक्षर आणि सजावट बघूनच आधी दाद मिळायची. त्यामुळं मराठी ब्लॉगवाले आल्यावर मार्कांचे रकाने आयतेच तयार होते, फक्त पहिल्याच रकान्यात घोळ झाला. अक्षरंच दिसायची नाहीत.

हे आत्ताच्या पोरांना खरं वाटत नाही. शिवाजी, किरण असले फाँट होते, ते ज्याच्या मशीनवर नाहीत त्याला पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. मग युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनींवर अक्षरांचा एकच संकेत, आलं, विंडोज एक्सपीत मंगल फाँट होता, पण कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिकमार्क करावी लागायची आणि ती केली की कॉम्प्युटर एक्सपीची सीडी मागायचा. सायबर कॅफेवाला सीडी कुठनं देणार, त्याची स्वतःचीच कुठली होती देव जाणे. टिकमार्क नसली की वेलांटी अक्षराच्या मागं पडायची, जोडाक्षरं सुटी व्हायची, 'सिद्धेश्वर' वाचताना दात पडायची पाळी. त्यात ब्लॉगरची टेम्प्लेटं, म्हणजे पानाचे तयार साचे, इंग्रजीसाठी बनवलेली. मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षराअक्षरात मोकळी जागा, दिलेलं असायचं, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर आपापल्या खाटेवर. मजकूर ११ पिक्सलमध्ये, म्हणजे मात्रा आहे का धुळीचा कण आहे ते कळेना. आणि दोन्ही कडा सारख्या याव्यात म्हणून जस्टिफाय केलं तर जुन्या फायरफॉक्समध्ये सगळं विस्कटायचं. तेव्हा मराठी ब्लॉगच्या डिझाइनला मार्क देणं म्हणजे आधी 'वाचता येतंय का हो?' एवढंच.

माझ्या एका मित्रानं २००७च्या आसपास ब्लॉग काढला होता. घरात यंत्रमाग, वडील चादरीचं डिझाइन काढायचे, मागावर नक्षी उठवणाऱ्या जकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं घरभर. हा लिहायचा त्याच्यावरच, मोर कसा काढतात, एक कार्ड चुकलं की मोराची मान कशी मोडते, आणि मधनंच गड्ड्याच्या यात्रेचं, भागवत टॉकीजबाहेरचं. लिखाण असं की मी कॅफेत चहा गार करून वाचायचो. पण पान! काळं बॅकग्राउंड, पिवळी अक्षरं, माउस हलवला की चांदण्या गळायच्या, आणि उघडल्या उघडल्या सनईचं गाणं सुरू, शेजारच्या केबिनमधला दचकून 'काय बे' म्हणून डोकवायचा. मी त्याला डिझाइनला दहापैकी दोन दिले. त्याला राग आला, म्हणाला, "चादर घेताना गिऱ्हाईक पहिल्यांदा रंगच बघतंय, मग मी रंग नको का टाकू?" त्याचे वडील तिथंच होते, ते म्हणाले, "रंग बघतंय, पण घेताना उलटी करून बघतंय." जकार्डच्या चादरीत मागच्या बाजूला तेच चित्र रंग उलटे होऊन येतं, वीण कशी आहे ते तिथं कळतं. एवढं बोलून ते लाइट यायच्या आत जेवून घ्यायला गेले, लोडशेडिंगचे दिवस होते.

तिकडं जगात तोवर डिझाइनचा प्रश्न बराचसा सुटला होता. मे २००४ मध्ये ब्लॉगरनं नामी डिझायनरांकडनं टेम्प्लेटं करून घेतली, डग्लस बोमनचं 'मिनिमा' त्यातलंच, पांढरंशुभ्र. निम्मे मराठी ब्लॉग एका गणवेशात आले. मग मार्क द्यायचे कोणाला, लिहिणाऱ्याला का बोमनला?

आणि मग मार्क माणसाच्या हातनं मशीनकडं गेले. टेक्नोराटी ही ब्लॉग शोधायची साइट २००२ची, त्यांचा 'अथॉरिटी' आकडा म्हणजे गेल्या सहा महिन्यांत किती ब्लॉगांनी तुम्हाला लिंक दिली त्याची मोजणी. गूगलच्या टूलबारमध्ये पेजरँकची, म्हणजे लिंका बघून पानाला दिलेल्या वजनाची, हिरवी पट्टी, शून्य ते दहा. ह्यात लिखाण कोणी वाचायची गरजच उरली नाही. लगेच 'तू माझी लिंक टाक, मी तुझी टाकतो' सुरू, अगदी लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं, कोणी किती दिलं ते बघून परत द्यायचं.

आपल्या देशात माणसांनी निवडायचं काम तरी चालू राहिलं. २००३ला देबाशीष चक्रवर्तींनी भारतीय ब्लॉगांसाठी 'इंडिब्लॉगीज' पुरस्कार सुरू केले होते. मराठीत स्टार माझा चॅनेलनं 'ब्लॉग माझा' स्पर्धा घेतली, तिचं प्रमाणपत्र कित्येकांनी वर्षानुवर्षं साइडबारला लावून ठेवलं होतं. इंडीब्लॉगर ही भारतीय ब्लॉगवाल्यांची साइट आली आणि तिचा इंडीरँक आला, तो पुन्हा आकडाच.

मग फेसबुक आलं आणि लोक तिकडं गेले. १ जुलै २०१३ला गूगल रीडर, जिथं सगळ्या ब्लॉगांच्या नव्या पोस्टी एका जागी वाचता यायच्या, ते बंद झालं, २०१४ला टेक्नोराटीनं ब्लॉगांची क्रमवारी गुंडाळली, २०१६ला पेजरँकची पट्टीही गेली. बिल्ले देणारे गेले, बिल्ले राहिले.

तर पोरांचा तक्ता मी बदलून पाठवला. डिझाइन २०, त्यातले १० नुसते मोबाइलवर शिरोरेषा तुटत नाही ना याला, उरलेले ८० लिखाणाला, आणि निदान दहा पोस्टी वाचल्याशिवाय मार्क टाकायचे नाहीत अशी अट. त्यांनी कळवलं की पोस्टर छापून झालंय, ५०-५०च राहील.

काल रात्री मित्राचा तो ब्लॉग उघडून बघितला. ब्लॉगस्पॉटवर अजून आहे. चांदण्या गळत नाहीत, सनईच्या जागी करडा चौकोन आहे, काळ्यावर पिवळी अक्षरं मात्र तशीच. मोराच्या मानेवरची पोस्ट परत वाचायला घेतली आणि डोळे दुखायला लागले म्हणून सगळा मजकूर कॉपी करून पांढऱ्या पानावर टाकला, मग वाचली पूर्ण.