कल्पित संस्कृतीतील आस्तिक्य आणि नास्तिक्य

कादंबरी, चित्रकथा, व्हिडिओ गेम किंवा चार मित्रांनी टेबलाभोवती बसून खेळायचा भूमिका-खेळ यांसाठी रचलेल्या काल्पनिक समाजाचे देव, विधी व निषेध, आणि त्याच समाजातले देव न मानणारे लोक, यांची मांडणी. अशा विश्वरचनेत नकाशा, राजघराणी आणि शस्त्रे यांवर भरपूर मेहनत होते. धर्माच्या वाट्याला देवांची यादी येते, नास्तिकांच्या वाट्याला फार तर एक ओळ. गोव्यात वाढलेल्या लेखकाला ही यादी अपुरी वाटेल. इथल्या गावात देव कोण हा प्रश्न मागाहून येतो; आधी विचारतात ते देवाचे काय द्यायचे राहिले आहे, आणि त्याच्याकडून काय यायचे आहे.

कल्पित समाजाच्या श्रद्धांचे सविस्तर वर्णन जुने आहे. टॉमस मोरच्या ‘युटोपिया’ (१५१६) या लॅटिन ग्रंथाचा शेवटचा भाग त्यालाच दिलेला आहे. त्या बेटावर कोणी सूर्य पूजतो, कोणी चंद्र, कोणी एखादा ग्रह. शहाणेसुरते बहुसंख्य एका अज्ञात परमतत्त्वाला मानतात. धर्मावरून कोणावर जबरदस्ती नाही. अडवणूक होते ती एकाचीच: आत्मा देहाबरोबर संपतो आणि जग कोणाच्या देखरेखीविना आपोआप चालते, असे म्हणणाऱ्याची. त्याला शिक्षा नाही, पण अधिकारपदही नाही. सामान्य लोकांपुढे त्याने वाद घालायचा नाही, पुरोहितांशी मात्र खुशाल घालावा. कारण रोखठोक आहे: कायद्यापलीकडे ज्याला कशाचीच भीती नाही, त्याच्या शब्दावर विसंबायचे कसे? म्हणजे नास्तिकाला बाजूला ठेवण्यामागचे कारण ईश्वरशास्त्राचे कमी आणि व्यवहाराचे जास्त.

या बेटाची हकिगत सांगणारा पात्ररूपी खलाशी पोर्तुगीज आहे आणि परतीच्या वाटेवर तो कालिकतला पोर्तुगीज गलबते गाठतो. पुस्तक निघण्याच्या सहा वर्षे आधी, १५१० मध्ये, पोर्तुगीजांनी गोवा घेतला होता. पुढे इथे १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, बसले आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. कागदावरच्या बेटाला मिळालेली मुभा खऱ्या गोव्याच्या नशिबी नव्हती.

मराठीत असा समाज रचू पाहणाऱ्याची पहिली अडचण ‘नास्तिक’ हा शब्दच आहे. आज त्याचा अर्थ देव न मानणारा. मनुस्मृतीत (२.११) नास्तिक म्हणजे वेदांची निंदा करणारा. पाणिनीच्या सूत्रावर (४.४.६०) लिहिणारे टीकाकार परलोक नाही असे मानणाऱ्याला नास्तिक म्हणतात. मीमांसक यज्ञाचे नियम काटेकोर पाळतात, पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांना लागत नाही, तरी ते आस्तिकांत गणले जातात. बौद्ध कर्म आणि पुनर्जन्म मानतात, आणि ते नास्तिक ठरतात. तेव्हा कल्पित समाजात नास्तिक आणण्याआधी तो नेमके काय नाकारतो ते ठरवावे लागते: देवाचे अस्तित्व, ग्रंथाचा अधिकार, मेल्यानंतरचा हिशेब, की फक्त वार्षिक वर्गणी. ज्या कथेत देव प्रत्यक्ष येऊन वीज पाडतात, तिथे ‘देव नाही’ म्हणणारा वेडाच दिसेल. ‘देव आहे, पण मी त्याचे काही लागत नाही’ असे म्हणणारा मात्र तिथेही उभा राहू शकतो, आणि बहुधा तोच कथेला जास्त उपयोगी पडतो.

या हिशेबी नात्याचे नमुने गोव्यात पावलोपावली आहेत. राखणदार किंवा देवचार गावाची, वाड्याची, शेताची राखण करतो. त्याला रोट, विडी आणि सोरो, म्हणजे दारू, ठरल्या वेळी मिळालाच पाहिजे. वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर गस्त घालून त्याच्या झिजतात. देवाच्या कामाचा पुरावा म्हणून झिजलेला तळवा दाखवणारी श्रद्धा कोणत्याही कल्पित पुराणात शोभून दिसेल. गाऱ्हाणे घालताना गावाचा माणूस मागण्या, तक्रारी आणि आश्वासने एका दमात सांगतो आणि जमाव प्रत्येक टप्प्यावर ‘व्हय म्हाराजा’ म्हणत जातो. कान न देता ऐकणाऱ्याला ते करारपत्राचे वाचन वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

कौल हा या नात्याचा सर्वांत नाट्यपूर्ण भाग. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवतात, प्रश्न सांगतात आणि वाट पाहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, आजारपण, परदेशची नोकरी, काहीही विचारता येते. समईच्या उजेडात सगळ्यांची नजर एका पाकळीवर खिळलेली असते. पाणी सुकत जाते, पाकळीची कड वळू लागते, कोणी खोकतही नाही. पाकळी सुटलीच नाही, तर काही चूक राहिली का याची आठवण काढतात, आणि प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा घालतात. इथे संशयाला आपली जागा आहे: प्रश्न नीट विचारला गेला का, याचा संशय. उत्तर देणाऱ्यावर तो जात नाही. कल्पित समाजाला असा एखादा विधी दिला, ज्याचे उत्तर चुकू शकते पण देव चुकू शकत नाही, तर त्या समाजातला वाद आपोआप जिवंत होतो.

देव हलतात, हेही गोव्याने पाहिले. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि आजही शिगम्याच्या दिवसांत बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या घेऊन तिची मिरवणूक जुन्या गावी येते. देव निर्वासित झाला तर भक्त कोणत्या गावचे? मागे राहून धर्म बदललेल्यांचे त्या देवाशी नाते काय? म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे ख्रिस्तींची मेरीमाता, आणि शिरगावची लईराई देवी या लोकांच्या तोंडी बहिणी आहेत. सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. कल्पित जगांत दोन धर्म शेजारी ठेवले की लेखक लगेच युद्ध लावतो. त्यांना बहिणी करून पाहण्याचे धाडस क्वचितच कोणी करतो.

उदाहरणादाखल एक समाज रचून पाहता येईल. खारट नदीकाठी बांध घालून शेती करणारे लोक घ्यावेत. गोव्याच्या खाजन शेतांवरून ते सरळ उचलता येतात. बांधाला मानस असते, म्हणजे लाकडी दाराची मोरी. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटते. आतल्या जमिनीत खारे पाणी सोसणारे कोरगुट भात पिकते, दारातून मासे येतात. या लोकांचा देव दारातच राहतो असे मानू. त्याला डोळे नाहीत, तो पाण्याची चव घेतो. खारट लागले की मिटतो. मेलेला माणूस ओहोटीबरोबर त्याच दारातून बाहेर जातो, म्हणून रात्रीच्या ओहोटीला बांधावर कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, न जाणो नाव पाण्याबरोबर जाईल.

आता यांचा नास्तिक कोण? शहरातून शिकून आलेला तरुण ही पहिली आणि सर्वांत कंटाळवाणी सूचना. दार बनवणारा सुतार जास्त योग्य. फळी कुठे कुजते, बिजागरी किती सैल हवी, दार पाण्याच्या कुठल्या पातळीला हलते, हे त्याला हाताने ठाऊक आहे. आत कोणी बसलेले नाही हे त्याच्याइतके खात्रीने कोणी सांगू शकत नाही. तरी नवे दार बसवताना तो नारळ ठेवतो. विचारले तर म्हणेल, बांध फुटला तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील, नारळ ठेवला असला तर निदान दोघांकडे दाखवतील. दुसरा नास्तिक वेगळ्या जातीचा: देव मानणारी, पण मुलगा बांधावर बुडाल्यापासून नैवेद्य बंद केलेली म्हातारी. गाव सुताराला हसून सोडून देतो. म्हातारीला मात्र घाबरतो.

खऱ्या गोव्यातही अविश्वासाची रूपे एकसारखी नव्हती. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला आबे फारिया हा ख्रिस्ती धर्मगुरू. पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करताना त्याने त्या काळी गाजत असलेला ‘चुंबकीय द्रव’ नाकारला: प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काहीच वाहत नाही, परिणाम घडतो तो झोपी जाणाऱ्याच्याच मनात. झगा उतरवला नाही आणि चमत्काराचे यंत्र मात्र उघडून दाखवले. साखवाळचे धर्मानंद कोसंबी (जन्म १८७६) बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाले आणि पालीचे मोठे पंडित झाले; कर्त्या ईश्वराविना धर्म कसा उभा राहतो हे त्यांनी मराठी वाचकाला समजावले. त्यांचे पुत्र दामोदर कोसंबी (जन्म १९०७, कोसबें) मार्क्सवादी इतिहासकार आणि गणिती. त्यांनी दगडांवरचा शेंदूर आणि गावदेवींच्या जागा पायी फिरून पाहिल्या. पूजेसाठी नाही, तिथून कोणत्या जुन्या वाटा आणि कोणते लोक गेले असतील हे शोधण्यासाठी. देव न मानणारा माणूस देवळांचा सर्वांत बारकाईने अभ्यास करणारा असू शकतो, ही शक्यता कल्पित समाजांत जवळजवळ कधीच दिसत नाही.

अशा मांडणीत नेहमी आढळणारी एक खोट म्हणजे देवांना सरकारी खाती वाटून देणे: समुद्राचा एक, युद्धाचा एक, प्रेमाची एक. गोव्यातली सांतेर ही देवी वारुळात आहे. ती माती, पीक, सर्प आणि मूल या सगळ्यांची, आणि तिचे खाते कोणते असे कोणी विचारत नाही. दुसरी खोट भाषेची. पात्रांच्या शिव्या, शपथा आणि आभार त्यांच्या श्रद्धेतून आलेले नसतील, तर मागच्या परिशिष्टातला धर्म परिशिष्टातच राहतो. गोव्यात कोकणीत आभार मानायचे ते ‘देव बरें करूं’ असे. घरात मराठी बोलणारेही बाजारात तेच म्हणतात. आणि देव नाही यावर तासभर हुज्जत घातलेला माणूसही चहाचा पेला परत देताना तेच म्हणतो.