आधी कंप, मग कबुली

‘मनावर घेतलं तर दारू एका दिवसात सुटते,’ असं घरोघरी ऐकू येतं. पहिला दिवस निघतोही. तिसऱ्या दिवसाचं कुणी बोलत नाही.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात विलमार इथे १९१२ साली मद्यपींसाठी सरकारी रुग्णालय उघडलं. १९५०च्या दशकात डॉ. नेल्सन ब्रॅडली आणि मानसशास्त्रज्ञ डॅन अँडरसन यांनी तिथल्या वॉर्डांची कुलपं काढली आणि दारू सोडलेल्या माणसांनाच समुपदेशक नेमलं. जॉन केलर हे ल्यूथरन पाद्री याच चमूतले. पुढे ब्रॅडलींबरोबर ते शिकागोजवळच्या ल्यूथरन जनरल हॉस्पिटलात गेले. मद्यपींची सेवा कशी करावी, यावर १९६६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. दारूबाजाला पाप्याऐवजी रोगी म्हणणारा पाद्री त्या काळी विरळाच.

पण रोग म्हणजे नेमकं कुठे काय बिघडतं?

मेंदूत गाबा हे रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट चेतवतं. गाबा चिकटला की पेशीच्या पडद्यातलं दार उघडतं, ऋणभारित क्लोराइड आत शिरतं आणि पेशी सहजासहजी पेटत नाही. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचे एनएमडीए नावाचे ग्राहक, म्हणजे पेशीवर ते रसायन झेलणाऱ्या जागा, दाबते. रोजच ढोसली तर मेंदू तोल सावरायला गाबाचे ग्राहक बोथट करतो, एनएमडीएचे वाढवतो. म्हणून कालची क्वार्टर आज पुरत नाही. ही रस्सीखेच आहे. दारू अचानक बंद झाली की एका बाजूने दोर सोडला, दुसरी बाजू धाडकन कोसळली. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत काहींना ताप, भ्रम, भिंतीवर किडे. उपचार न झाल्यास यात माणूस दगावतो.

म्हणून डायझेपामसारखं, त्याच गाबा-ग्राहकावर काम करणारं औषध देऊन काही दिवसांत डोस उतरवत नेतात. याच जातीचं क्लोरडायझेपॉक्साइड १९६०ला आलं. त्याआधी पॅराल्डिहाइड असे. ते श्वासावाटे बाहेर पडतं, त्यामुळे अख्खा वॉर्ड घमघमायचा. दुसरी खबरदारी थायमिनची, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाची. ग्लुकोज जाळायला ते लागतं आणि मद्यपीच्या अंगात त्याचा खडखडाट असतो. नुसतं ग्लुकोजचं सलाइन चढवलं तर उरलंसुरलंही संपतं. डोळे फिरतात, चाल लटपटते, स्मृती कायमची जाऊ शकते.

‘नकळत चहात मिसळा, दारू सोडवा’ छाप पुड्यांपासून लांबच राहा. त्यात डायसल्फिराम हे दारू पचू न देणारं औषध असलं आणि माणूस वर प्यायला, तर दारूपासून बनणारं विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साचून रक्तदाब कोसळतो. अंगारा निदान चहात विरघळत नाही.

पाद्र्याची पाळी यानंतर. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्या आहेत. त्यातल्या चौथ्या पायरीत रुग्ण स्वतःच्या वागण्याचा हिशेब कागदावर लिहितो. पाचवीत तो दुसऱ्या माणसासमोर मोठ्याने सांगतो. ऐकायला बहुधा पाद्री बसे. विलमारमधून निघालेल्या या पद्धतीत ही बैठक मुक्कामाच्या शेवटाकडे येते. पहिल्या आठवड्यात पेन्सिलच हातात ठरत नाही.