कलम ६६ मधलं बाळंतपण

पुणे, ठाणे, नाशिक या शहरांच्या महापालिका ज्या कायद्याने चालतात तो १९४९ चा. त्यात पालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. कलम ६३ मधली कामं करावीच लागतात : गटारं, दिवाबत्ती, कचरा, पाणी, लसटोचणी, दवाखाने. कलम ६६ मधली कामं पालिकेला वाटलं तर. प्रसूतिगृहं आणि बालसंगोपन केंद्रं या दुसऱ्या यादीत आहेत. त्यांच्या खाली गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना दूध देण्याची तरतूद आहे. पोहण्याचे तलावही याच यादीत.

हा काही मसुदा लिहिणाऱ्याचा विसराळूपणा नव्हे. माझ्या मते पहिली यादी साथींच्या धाकाने घडली. देवी, पटकी, मग १८९६ चा प्लेग. रोग चाळीतून बंगल्यात शिरायला वेळ लागत नाही, म्हणून गटार सक्तीचं. बाळंतपणात गेलेली बाई मात्र तिच्या खोलीतच जाते, शेजारच्या आळीला त्याची झळ लागत नाही. त्यामुळे हे काम बराच काळ दानधर्माच्या खात्यावर राहिलं. १८८५ मध्ये व्हॉइसरॉयच्या पत्नीच्या नावाने बायकांच्या औषधोपचारासाठी डफरिन फंड निघाला. १८८६ मध्ये पेस्तनजी होरमसजी कामांच्या देणगीतून मुंबईत बायकांसाठी कामा हॉस्पिटल उघडलं.

‘माता-बालसंगोपन’ हे पालिकेचं खातं असावं ही कल्पना मुख्यतः विलायतेतून आली. तिथेही कळवळा उशिराच सुटला. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी भरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने नापास झाले, तेव्हा सरकारला लहान मुलांची आठवण झाली. १८९९ साली इंग्लंडमध्ये हजारातली १६३ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी लाँगवुड भागात जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे आईला एक पौंडाचं वचनपत्र दिलं, मूल वर्षाचं झालं की वटवायचं. ११२ पैकी १०७ मुलं जगली. पौंडाचा वाटा किती आणि घरी येऊन विचारपूस करणाऱ्या बायकांचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. १९१८ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांना प्रसूती आणि शिशुकल्याणाचे अधिकार मिळाले, आणि या कामाच्या समितीत निदान दोन बायका असल्याच पाहिजेत असं ठरलं. पण सेवा द्यायचीच, असं बंधन नव्हतं. ‘देता येईल’, एवढंच.

मुंबईला तेव्हा ‘देता येईल’ परवडणारं नव्हतं. १९२१ साली शहरातला बालमृत्यूचा नोंदलेला आकडा हजारी साडेसहाशेच्या पुढे गेला. एकाच खोलीच्या बिऱ्हाडांत तो आठशेच्या वर. आकडा भयानक आहे, पण त्यात एक गोम आहे. गिरणगावातल्या कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात, देशावर गावी जात. जन्म तिकडे. महिना-दोन महिन्यांचं मूल घेऊन बाई गिरणीच्या भोंग्याला परत हजर, आणि मूल दगावलं तर नोंद मुंबईत. म्हणजे मृत्यू इथले मोजले, जन्म गावाकडे राहिले. हिशेब दुरुस्त केला तरी उरणारा आकडा लाजिरवाणाच होता.

गिरणीतल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना तेव्हा आढळलं की जवळजवळ सगळ्याच तान्ह्या मुलांना अफूची गोळी दिली जात होती. आई दहा तास गिरणीत साच्यावर, घरी म्हातारी नाहीतर सात वर्षांची ताई. मूल रडू नये म्हणून गोळी, आणि झोपलेल्या मुलाला भूक लागल्याचं कळत नाही. कायदे मंडळात १९२८ मध्ये बाळंतपणाच्या पगारी रजेवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी विधेयकाची बाजू घेतली. १९२९ चा मुंबई कायदा या विषयावरचा देशातला पहिला. पण तो भार गिरणीमालकावर होता, पालिकेवर नव्हे.

पालिका आली ती दात्यांचा हात धरून. १९२६ मध्ये परळला पालिकेचं केईएम हॉस्पिटल उघडलं, त्याच वर्षी शेजारी नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह. वाडियाचा कारभार ट्रस्टचा, आधार पालिका आणि सरकारच्या अनुदानाचा. ही सोयरीक अजून टिकून आहे, आणि अनुदानावरून तिच्यात खटके उडतात तेही अजून. २०२० च्या जानेवारीतला वाद वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना आठवत असेल.

ग्रामीण भागात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, नर्सबाई असा डोलारा उभा राहिला. १९७५ पासून अंगणवाडी, २००५ पासून आशाताई. योजना आणि बराचसा पैसा वरून येऊ लागला. ऐच्छिक यादीची बोच त्यामुळे झाकली गेली, यादी मात्र आहे तिथेच आहे.

मुंबईच्या चाळीत पोटुशी बाई दिसली की आजही पहिला प्रश्न असतो, “नाव कुठे घातलंय?” म्हणजे कुठल्या हॉस्पिटलात. नाव पालिकेच्या प्रसूतिगृहात घातलेलं असतं, केसपेपर झालेला असतो, आणि सातव्या-आठव्या महिन्यात बाई पहिलटकरणीच्या रिवाजाप्रमाणे माहेरी निघते. माता-बालसंरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सासू ते तिच्या हातात देते, हरवू नकोस म्हणून बजावते. बाळाचे डोस गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई त्याच कार्डावर लिहिते, आणि पुढचा डोस मुंबईत देताना इथली नर्सबाई तेच कार्ड मागते.