तपासणी नेमक्या कोणत्या भाषेत? : सरकारी दवाखान्यातल्या बालमानसशास्त्रज्ञाची पार्श्वभूमी

पाच वर्षांचं पोर अजून बोलत नाही, म्हणून मेळघाटातली आई त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयात येते. आई कोरकू बोलते, मानसशास्त्रज्ञ मराठीत विचारतो आणि अहवाल इंग्रजीत लिहितो. या तीन भाषांतून गाळून त्या पोराचा बुद्ध्यांक निघतो. तो 70 च्या खाली, म्हणजे बौद्धिक अपंगत्वाच्या टप्प्यात गेला, की पुढची चक्रं फिरू लागतात.

मुलाला त्याच्या भाषेत प्रश्न विचारायचे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. बिने-कामत चाचणी 1930 च्या दशकात मुंबई इलाख्यात बसवली गेली, तीच मुळी मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत. ती अजून वापरात आहे. 1937 मध्ये मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. 1969 मध्ये नागपुरात एका अमेरिकी बुद्धिमापन चाचणीचं भारतीय रूप तयार झालं. पण या सगळ्यात भाषा म्हणजे प्रांताची, छापील पुस्तकाची भाषा. घरात चुलीपाशी बोलली जाते ती नव्हे.

पुढे 1982 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि 1996 मध्ये तो जिल्ह्यापर्यंत नेण्याची सुरुवात झाली. मधल्या काळात, 1992 च्या कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला नोंदणी सक्तीची केली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. शंका आली तर मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवतात. मानसशास्त्रज्ञ आणि खेड्यातलं कुटुंब खऱ्या अर्थाने समोरासमोर आले ते इथे.

गुंता आहे तो ‘द्विभाषिक’ या शब्दात. मानसशास्त्रज्ञाच्या बाबतीत तो वापरला जातो तेव्हा मराठी आणि इंग्रजी असा जोड गृहीत धरलेला असतो. शिक्षण इंग्रजीत आणि रुग्ण मराठी, म्हणून तेवढी द्विभाषिकता लागतेच, आणि ती कमी मोलाची नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘पोर हट्टाला पेटलं की ऐकत नाही’, ‘याचा बापही उशिरानेच बोलला होता’ ही वाक्यं ऐकून त्यातलं लक्षण कोणतं, धीर कुठला आणि भीती कुठली हे ओळखायला पाठ्यपुस्तक पुरत नाही. पण 2011 च्या जनगणनेत मातृभाषा मराठी सांगणारे राज्यात सुमारे 69 टक्के होते. अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटीच्या वर होती. कोरकू तर मराठीची बोलीही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे नातं सांगायचंच तर संथाळीशी. 2003 मध्ये संथाळी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत गेली. कोरकू, गोंडी, भिली बाहेरच राहिल्या.

मराठीच्या जवळ समजल्या जाणाऱ्या बोलींतही पाय घसरतो. अहिराणीत मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर. धुळ्याकडच्या एखाद्या पोराला ‘मुलगा’ शब्दाशी थबकायला झालं, तर ते थबकणं गुणपत्रिकेवर संथपणा म्हणून उतरू शकतं.

यावर अशाब्दिक चाचण्यांचा तोडगा पुढे केला जातो. लाकडी ठोकळे, खाचांत बसवायचे आकार, चित्रं जुळवणं. माझ्या मते हा तोडगा गरजेपेक्षा फार मोठा मानला गेला. ‘लवकर लवकर बसव’ ही सूचना शेवटी शब्दांतच द्यावी लागते. शिवाय घड्याळ लावून खेळायची सवय नसलेलं मूल अनोळखी माणसापुढे हात आखडूनच बसतं.

शहरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले आणि त्यात अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण, घातली. मराठी शाळेतल्या मुलाचं वाचन इंग्रजी उताऱ्यावर जोखायचं, हा अन्याय त्यानंतर डोळ्यांत जास्त खुपू लागला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा चार भाषांतली चाचणी त्याआधीच, 2015 मध्ये, तयार झाली होती. काना, मात्रा, वेलांटी यांत अडखळणारं मूल आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये अडखळणारं मूल एकाच मापाने मोजता येत नाही, हे त्या चाचणीत मान्य केलं गेलं.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात संमतीची व्याख्या आहे. व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि पद्धतीने माहिती दिल्यावर मिळालेली संमती, तीच संमती. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या पदांची यादी पाहावी. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवणतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, नर्स, दंतचिकित्सक अशी पदं त्यात आहेत, दुभाष्याचं पद नाही. ते काम सोबत आलेल्या आशाताईवर येतं. ती बहुधा मनापासूनच करते. पण ‘पोर रात्री दचकून उठतं का’ या प्रश्नाचं ती ‘नीट झोपतं ना’ असं करून विचारते, आणि आई मान हलवते. आणि आशाताई त्याच गावची, कदाचित दोन घरं सोडून राहणारी. घरात दारू आहे, मारहाण आहे, हे आई तिच्यासमोर सांगत नाही.