कावी कला (गोवा)

ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या रंगाचा पातळ थर द्यायचा आणि तो घट्ट होण्याआधी टोकदार पोलादी हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशा रीतीने चित्र साधणारी कोकणपट्टीतील भित्तिकला. उत्तरेस रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून दक्षिणेस कारवार-उडुपीपर्यंत ती आढळते. गोव्यात ती प्रामुख्याने मंदिरांच्या आणि जुन्या वाड्यांच्या भिंतींवर दिसते. पेडणे तालुक्यातील मोरजीचे मोरजाई मंदिर हे तिचे परिचित उदाहरण. अलीकडे डिझाइन शिकणारे आणि शिकवणारे या कलेकडे वळू लागले आहेत. साहित्य, कथन आणि कारागिरी या तिन्ही गोष्टी तिच्यात एकाच भिंतीवर एकत्र येतात, म्हणून तिचा विचार येथे त्या अंगानेही केला आहे.

उगमाविषयीची मते : या कलेच्या आरंभाबद्दल एकमत नाही. गिलाव्याचा वरचा थर खरवडून खालचा उघडा करणाऱ्या युरोपातील स्ग्राफितो तंत्राशी तिचे साम्य उघड आहे. त्यामुळे १५१० नंतर पोर्तुगिजांबरोबर आलेल्या कारागिरांनी ती येथे आणली, असे एक मत मांडले जाते. काही चर्च आणि ख्रिस्ती घरांच्या भिंतींवरही असे काम नोंदले गेले आहे, तेही या मताच्या बाजूने सांगितले जाते. दुसरे मत तिला देशी मानते. पोर्तुगीज सत्ता कधीच नव्हती अशा गावांपर्यंत तिचा विस्तार आहे. शिवाय गुळगुळीत दगडाने पृष्ठभाग घोटण्याची रीत भारतीय चुनेगच्चीच्या परंपरेला जवळची आहे. युरोपीय पद्धतीत बहुधा वरचा थर हा गिलाव्याचाच दुसरा जाड लेप असतो, तर कावीत तो रंगाचा पातळ थर असतो, हा फरकही लक्षात घ्यावा लागतो. या पुराव्यांचा एकत्र विचार करता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोन्ही परंपरांच्या गवंड्यांनी एकमेकांकडून काही उचलले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

कालनिश्चिती त्याहून अवघड आहे. तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या जुन्या काबिजादीतील (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागातील) मंदिरे सोळाव्या शतकात पाडली गेल्याने तेथील आधीचा पुरावाच उरलेला नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा हे भाग १७६३ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अमलाखाली आले, आणि आज टिकलेले मंदिरांवरील काम बहुतांशी अशाच भागांत आहे. ते साधारणपणे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील धरले जाते. जीर्णोद्धारात भिंती पुन:पुन्हा लिंपल्या गेल्या असल्याने एकाच मंदिरात वेगवेगळ्या पिढ्यांचे काम असू शकते.

रंगाच्या स्रोताबद्दलही असाच वाद आहे. जांभा दगडाच्या प्रदेशात लोहयुक्त तांबडी माती मुबलक मिळते, म्हणून रंग स्थानिक असावा असे काहीजण म्हणतात. इतरांच्या मते तो समुद्रमार्गे इराणी आखातातील होर्मुझ बेटावरून येई. त्या बेटाची तांबडी माती जुन्या काळापासून निर्यात होत असे, आणि १५१५ ते १६२२ या काळात गोवा व होर्मुझ एकाच सत्तेखाली होते. मोठ्या देवस्थानांनी आयात रंग आणि लहान घरांनी जवळची माती वापरली असणे शक्य आहे. होन्नावरचे अभ्यासक कृष्णानंद कामत यांनी कोकणातील कावीकामाचे दस्तऐवजीकरण केल्यामुळे अशा प्रश्नांची चर्चा सुरू राहिली.

तंत्र : शिंपले भट्टीत भाजून चुना करतात. तो विझवून त्यात धुतलेली नदीची वाळू आणि गुळाचे पाणी घालतात, मिश्रण काही दिवस मुरू देतात आणि मग कुटून एकजीव करतात. भिंतीवर लेप चढला की तो ओला असतानाच तांबडा थर देऊन दगडाने घोटतात. सूत आणि कंपास यांच्या साह्याने आखणी होते, त्यानंतर खरवड. रेघ चुकली तर ती बुजवता येत नाही. तेवढा तुकडा काढून पुन्हा लिंपावा लागतो. म्हणून एका दिवसात किती भिंत पुरी होईल हे आधीच ठरवावे लागते. पुढे काही दिवस भिंत ओली राखतात.

लोहाचा रंग चुन्याच्या क्षारतेत टिकतो, पुष्कळसे सेंद्रिय रंग मात्र त्यात विटतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो आणि रंग त्या कवचात अडकतो. भाजताना बाहेर पडलेल्या वायूचा बराच भाग असा परत घेतला जातो, पण भट्टीच्या इंधनाचा हिशेब वेगळा धरावाच लागतो. चुना सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजतो, सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश लागतात. गोव्याच्या पावसाळ्यात जांभ्याची भिंत ओल धरते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा ती कोंडतो, क्षार आत साचतात आणि पापुद्रे सुटतात.

कथन : विषय दशावतार, कृष्णलीला, रामायण-महाभारतातील प्रसंग, वेलबुट्टी आणि भौमितिक नक्षी. रंग दोनच असल्याने छायाप्रकाश दाखवता येत नाही. पात्र ओळखावे ते आयुधावरून, वाहनावरून, हाताच्या वळणावरून. कीर्तन आणि दशावतारी नाटकातून या कथा प्रेक्षकाला तोंडपाठ असल्याने चित्रकाराला प्रसंगातला एकच क्षण निवडून भागे. कमी साधनांत गोष्ट सांगण्याचा हा धडा आजच्या विद्यार्थ्याला फार मोलाचा आहे.

शिक्षण आणि व्यवहार : चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्याच्या १९५८ च्या अहवालाने साध्या लोट्याला उत्तम डिझाइनचा नमुना मानले. त्या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. वस्तूचा आकार आणि तिच्यामागचे साहित्य, वापर, किंमत यांचा एकत्र विचार करण्याची ती दृष्टी कावीलाही लागू पडते. पणजीच्या आल्तिनोवर गोवा कला महाविद्यालय (१९७२) आणि गोवा वास्तुशास्त्र महाविद्यालय (१९८२) आहे, म्हणजे चित्र आणि भिंत यांचे शिक्षण एकाच टेकडीवर मिळते. कावीसाठी या दोन्हींची गरज असते. केवळ नक्षी उचलून ती कापडावर, कपांवर किंवा हॉटेलच्या भिंतीवर छापली की रेघ उरते, पण ती रेघ ज्या ओल्या चुन्यातून आली तो विसरला जातो. विद्यार्थ्याने परांचीवर उभे राहून गवंड्याकडून लेप शिकावा आणि गवंड्याला शिक्षकाचे मानधन मिळावे, ही साधी मागणी आहे.

व्यवहाराची गाठ देवस्थानांपाशी पडते. गोव्यातील मंदिरांचा कारभार महाजनांकडे, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत हक्कदारांकडे असतो आणि तो पोर्तुगीज काळातील १९३३ च्या देवस्थान नियमावलीच्या चौकटीत चालतो. जीर्णोद्धाराचा निर्णय बहुधा समितीचाच. ग्रॅनाइट, टाइल आणि सिमेंट यांचा दर चौरस मीटरवर सांगता येतो आणि मुदतही पाळता येते. कावीचा दर कारागिराच्या दिवसांवर ठरतो, शिवाय पावसाळ्यात काम थांबते. त्यामुळे करारात कामाचे हंगाम, चाचणीसाठी एक नमुना-चौकट आणि चुना मुरवण्याचा काळ आधीच मांडलेला असावा लागतो. वास्तुरचनाकार, चुना पुरवणारा आणि गवंडी यांनी एकाच टेबलावर बसून हे ठरवल्यास दरपत्रकातला फरक कमी होतो. जुन्या चित्रावर ऑइलपेंट किंवा प्लॅस्टिक रंग चढवू नये. त्याने भिंतीचा श्वास कोंडतो आणि रंग काढताना तांबडा थरही निघून येतो. दुरुस्ती सुरू करण्याआधी भिंतीचे मापपट्टीसह छायाचित्रण करून गिलाव्याचा छोटा तुकडा चाचणीसाठी राखून ठेवतात.